डोनर सीमेन वापरताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

समुपदेशनाच्या टेबलापलीकडे बसलेल्या जोडप्याचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "डोनर (वीर्यदाता) कसा निवडायचा?" फाईल उघडावी तर नवऱ्याच्या वीर्यतपासणीचा एकच रिपोर्ट, तोही दोन वर्षांपूर्वीचा. बायकोच्या नळ्या (गर्भनलिका) तपासलेल्याच नाहीत. आणि या विषयावर दोघांचं बोलणं झालंय ते येताना रिक्षात, तेवढंच. डोनर निवडणं हे पाचवं काम आहे. ते पहिलं केलं की वायल (गोठवलेल्या वीर्याची कुपी) विकत घेऊन झालेली असते आणि मग कळतं, नळ्या बंद आहेत.

म्हणून खालचा क्रम. मधल्या पायऱ्या गाळू नका.

१. डोनर खरंच लागणार आहे का, हे आधी पक्कं करा

"शुक्राणू शून्य" असा एक रिपोर्ट आला म्हणजे निकाल लागला असं नाही. २ ते ७ दिवस संबंध न ठेवता, काही आठवड्यांच्या अंतराने, किमान दोन वेळा तपासणी व्हायला हवी. नमुना पूर्ण भांड्यात पडला होता का, हेही आठवा. पहिला भाग सांडला असेल तर रिपोर्ट फसवा येतो. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे डेंग्यू किंवा टायफॉइडचा ताप येऊन गेला असेल तर मधल्या काळातल्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. शून्य आलं तर लॅबला विचारा: नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाशी बसलेला गाळ तपासला का? त्या गाळात कधीकधी चार-दोन शुक्राणू सापडतात आणि इक्सीसाठी (लॅबमध्ये एकेक शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडण्यासाठी) तेवढे पुरतात.

यानंतर अँड्रॉलॉजिस्ट किंवा पुरुष वंध्यत्व पाहणाऱ्या युरोलॉजिस्टकडे एक भेट. ही भेट सगळ्यात जास्त टाळली जाते. तिथे वृषणांचा आकार पाहतात, एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन ही संप्रेरकं तपासतात, गरजेप्रमाणे कॅरियोटाइप (गुणसूत्रांची तपासणी) आणि वाय गुणसूत्रातल्या मायक्रोडिलीशनची (गळालेल्या बारीक तुकड्यांची) तपासणी सांगतात. त्यातून कळतं की शुक्राणू तयारच होत नाहीत, की तयार होतात पण वाट अडलीय. वाट अडली असेल तर ते वृषणातून सुईने काढता येतात. तयार होत नसतील तरी मायक्रो-टेसे या शस्त्रक्रियेत काहींना मिळतात. मात्र वाय गुणसूत्रावरचा एझेडएफए किंवा एझेडएफबी हा भाग पूर्ण गेलेला असेल तर शस्त्रक्रियेतून काही मिळण्याची आशा जवळपास नसते. अशा वेळी उगाच चिरफाड करून घेण्यात अर्थ नाही.

दोन कारणं हमखास सुटतात. एक, जिममध्ये घेतलेली टेस्टोस्टेरॉनची किंवा स्टेरॉइडची इंजेक्शनं. त्याने शुक्राणू शून्यावर येतात, बंद केल्यावर बहुतेकांचे परत येतात, पण त्याला महिने लागतात. नवरा हे बायकोसमोर सांगत नाही, म्हणून मी दोघांना थोडा वेळ वेगवेगळं बसवते. दुसरं, मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीकडून संप्रेरकं कमी येणं. यात इंजेक्शनांचा उपचार आहे आणि तो चालतो.

*तपासा:* दोन रिपोर्ट, एफएसएच, तज्ज्ञाचं लेखी मत. हे तीन कागद फाईलमध्ये नसतील तर पुढे जाऊ नका.

२. दोघांचं बोलणं, दवाखान्याबाहेर

इथे घाई करणारी जोडपी नंतर सातव्या महिन्यात माझ्याकडे येतात. नवऱ्याने होकार दिलेला असतो, पण तो आईच्या दबावाने किंवा "तिला आई व्हायचंय ना, मग होऊ दे" अशा उपकाराच्या सुरात. मूल आपल्या अंशाचं नसणार याचं दुःख खरं असतं. त्याला वेळ द्यावा लागतो. निदान कळल्याच्या त्याच महिन्यात आययूआय (नळीने वीर्य गर्भाशयात सोडणं) करू नका.

तीन गोष्टींवर एकमत हवं. घरात कुणाला सांगायचं? मुलाला सांगायचं का, आणि कधी? आणि जमलंच नाही तर कुठे थांबायचं? पहिल्या प्रश्नाला "सध्या कुणालाच नाही" हे चालणारं उत्तर आहे. पण ते दोघांचं हवं. एकीने माहेरी सांगून टाकलंय आणि दुसऱ्याला ते बारशाला कळतंय, असं व्हायला नको. कायद्याप्रमाणे दवाखान्याने समुपदेशन देणं बंधनकारक आहे. पाच मिनिटांत सही घेऊन बाहेर पाठवत असतील तर हक्काने वेळ मागा.

दीराचं वीर्य चालेल का, ही विचारणा दर महिन्याला होते. नाही चालत. दाता नोंदणीकृत वीर्यबँकेकडूनच येतो आणि त्याची ओळख तुम्हाला दिली जात नाही. दुसरी विनंती: "थोडं यांचंही मिसळा, म्हणजे मनाला बरं." नीट काम करणारी लॅब ते करत नाही. फायदा काही नाही आणि नोंद कायमची गढूळ होते.

३. स्त्रीची तपासणी आधी, वायल नंतर

"दोष त्यांच्यात आहे, माझं काय तपासायचं?" हा प्रश्न महागात पडतो. आययूआयसाठी निदान एक नळी मोकळी लागते. त्यासाठी एचएसजी, म्हणजे नळ्यांचा एक्स-रे, पाळी थांबल्यावर आणि साधारण दहाव्या दिवसाच्या आत करतात. आपल्याकडे गर्भाशयाच्या टीबीमुळे नळ्या बंद होण्याचं प्रमाण दुर्लक्ष करण्यासारखं नाही, म्हणून ही पायरी गाळू नका.

सोबत एएमएच (अंडाशयात बीजं किती उरलीत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी), सोनोग्राफीत अंडाशयातल्या बीजकोषांची मोजणी, थायरॉइड, हिमोग्लोबिन, रक्तगट आणि एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, व्हीडीआरएल (सिफिलिसची तपासणी). रुबेलाची प्रतिकारशक्ती नसेल तर लस घेऊन एक महिना थांबावं लागतं. हे उपचाराचं चक्र सुरू झाल्यावर कळलं तर तो महिना फुकट. फॉलिक ॲसिड आत्तापासूनच सुरू करा.

एचपीएलसी या रक्ततपासणीवर मी अडून बसते. थॅलेसेमिया आणि सिकलसेलचे वाहक त्यात कळतात. सिंधी आणि लोहाणा समाजात थॅलेसेमियाचे वाहक जास्त आढळतात. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेलचे. स्त्री वाहक असेल आणि दाताही वाहक निघाला तर दर गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. दाता आपण निवडतोय, तेव्हा हा धोका पूर्ण टाळता येतो.

*सावधान:* वय ३७-३८च्या पुढे असेल किंवा एएमएच खूप कमी असेल तर सहा-सहा आययूआय करत बसू नका. आयव्हीएफबद्दल (लॅबमध्ये गर्भ तयार करून गर्भाशयात सोडणं) पहिल्याच भेटीत विचारा.

४. दवाखाना आणि बँक: नोंदणी डोळ्यांनी बघा

२०२१चा सहाय्यित जननतंत्रज्ञान कायदा २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. लेव्हल १ दवाखान्यात आययूआय होते, आयव्हीएफसाठी लेव्हल २ लागतो. वीर्य गोळा करणं, तपासणं आणि साठवणं हे काम नोंदणीकृत बँकेचं. नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असायला हवं आणि त्याची मुदत पाच वर्षांची असते. तारीख वाचा, फोटो काढा. कुणी हरकत घेतली तर तिथेच समजून जा.

कामाच्या तरतुदी एवढ्याच:

- जोडप्यातली स्त्री ५० वर्षांच्या आतली आणि पुरुष ५५च्या आतला हवा. एकल स्त्रीलाही (अविवाहित, घटस्फोटित, विधवा) २१ वर्षांपुढे हा उपचार घेता येतो.
- दात्याचं वय २१ ते ५५.
- एका दात्याचं वीर्य बँकेने एकाहून जास्त जोडप्यांना द्यायचं नाही.
- जन्मलेलं मूल कायद्याने तुमचंच. दात्याचा त्याच्यावर हक्क नाही.
- मुलगा की मुलगी हे ठरवून देणं गुन्हा आहे. तशी ऑफर आली तर उठून निघा.

समाजमाध्यमांवर "मी मदत करतो, फुकट" म्हणणारे पुरुष भेटतात. त्यांच्या संसर्गाच्या तपासण्या नाहीत, कागद नाहीत, उद्या तो दारात उभा राहिला तर कायद्याचं कवच नाही. बँकेतलं वीर्य गोठवून वेगळं ठेवतात आणि सहा महिन्यांनी दात्याची पुन्हा तपासणी करून मगच वापरायला देतात, कारण एचआयव्हीसारखा संसर्ग पहिल्या काही आठवड्यांत रक्तात सापडत नाही. ताज्या नमुन्यात ही सोय नसते.

५. आता डोनर

बँकेकडून यादी येते ती अशी: कोड नंबर, रक्तगट, उंची, वर्ण, केस, डोळे, शिक्षण. फोटो नाही, नाव नाही. जोडपी वर्ण आणि उंचीवर तासभर घालवतात. माझ्या मते क्रम असा लावा.

पहिली चाळणी आजारांची: संसर्गाच्या तपासण्यांच्या तारखा, क्वारंटाइननंतरचा (सहा महिन्यांनंतरचा) रिपोर्ट, एचपीएलसी. दुसरी रक्तगटाची. स्त्री आरएच निगेटिव्ह असेल तर निगेटिव्ह दाता मागता येतो. नाही मिळाला तर गरोदरपणात अँटी-डी इंजेक्शन आहेच. रक्तगट जुळवण्याचं दुसरं कारण घरगुती आहे. आईचा ओ, वडिलांचा ओ आणि मुलाचा बी असं असेल तर बारावीच्या जीवशास्त्राच्या तासाला मुलाला कोडं पडतं. तुम्ही मुलाला सांगणार असाल तर हा प्रश्नच उरत नाही. सांगणार नसाल तर आत्ता विचार करा. उंची, वर्ण, शिक्षण यांचा नंबर त्यानंतर. पदवी वीर्यातून उतरत नाही, हे मी हसत सांगते, पण सांगते.

६. वायल किती, आणि सह्या कुणाच्या

एक वायल म्हणजे साधारणपणे एका चक्राचा माल. एका जोडप्याचा दाता दुसऱ्याला मिळत नाही आणि संपलेला साठा पुन्हा मिळेलच असं नाही. म्हणून पहिल्याच वेळी विचारा: याच दात्याच्या किती वायल आहेत? पुढे भावंडासाठी राखून ठेवाल का, वर्षाचं साठवण भाडं किती? साठवणीची कमाल मर्यादा १० वर्षं आहे. "दुसरं मूल नंतर बघू" म्हणणाऱ्यांना चार वर्षांनी तोच दाता मिळाला नाही की वाईट वाटतं.

दात्याच्या वीर्याने आययूआय करण्याचं संमतिपत्र वेगळं असतं. नवऱ्याच्या वीर्याच्या आययूआयचा कागद त्याजागी चालत नाही. तो पूर्ण वाचा, रिकाम्या जागा भरल्याशिवाय सही करू नका, प्रत घरी न्या. जोडप्यात दोघांच्याही सह्या लागतात. कोकणातल्या कितीतरी घरांत नवरा बोटीवर असतो, सहा-सहा महिने. तो सुट्टीवर असतानाच कागद पुरे करा. नाहीतर फॉलिकल (बीजकोष) तयार आणि सही समुद्रात. गर्भाशयात वीर्य किंवा गर्भ सोडेपर्यंत संमती मागे घेता येते, हेही दोघांना माहीत असू द्या.

*तपासा:* खर्चाचा लेखी तक्ता. वायल, साठवण, सोनोग्राफी, इंजेक्शनं, लॅबचं वॉश (वीर्य धुऊन घेणं), आययूआय, सगळं वेगवेगळं. "पॅकेज" या एका शब्दावर पैसे भरू नका.

७. आययूआयचा महिना

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी. मग बहुधा पाच दिवस बीज वाढवणाऱ्या लेट्रोझोलच्या गोळ्या, किंवा पाळी नियमित असेल तर गोळ्यांशिवायही. नवव्या-दहाव्या दिवसापासून फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे सोनोग्राफीने फॉलिकलची वाढ बघणं. फॉलिकल १८ ते २० मिलिमीटर झालं आणि गर्भाशयाचं अस्तर ७ मिलिमीटरच्या वर असलं की बीज सुटण्यासाठी एचसीजीचं ट्रिगर इंजेक्शन, आणि त्यानंतर साधारण ३६ तासांनी आययूआय. इंजेक्शन रात्री अकराला सांगितलं असेल तर अकरालाच. मोबाईलमध्ये गजर लावा आणि घेतल्याची वेळ कागदावर लिहा.

वेळेबाबत एवढी काटेकोरी का? गोठवलेले शुक्राणू ताज्यांइतके टिकत नाहीत. नवऱ्याच्या ताज्या नमुन्यात दोन-तीन दिवसांची मुभा असते, इथे एक दिवसही पुरता मिळत नाही. वेळ हुकली की वायल वाया.

आणि इथेच आमच्याकडे एकदा गोंधळ झाला होता. फॉलिकल तयार, ट्रिगर दिलेलं, आणि मधे गौरी-गणपतीचं विसर्जन. बँक बंद, रस्ते बंद. तेव्हापासून मी सांगते, ट्रिगर घेण्याआधी वायल दवाखान्याच्या नायट्रोजनच्या कॅनमध्ये आलेली असली पाहिजे. "उद्या सकाळी येईल" यावर इंजेक्शन घेऊ नका.

तीनहून जास्त फॉलिकल मोठी झाली असतील तर डॉक्टर ते चक्र सोडायला सांगतील. ऐका. तिळ्यांचं गर्भारपण आईलाही जड जातं आणि बाळांनाही.

आययूआयच्या सकाळी लॅबच्या दारात पाच मिनिटं उभं राहा. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमधून बोटाच्या पेराएवढी वायल वर येते, भोवती पांढरी वाफ. वितळवण्याआधी तिच्यावरचा कोड, रक्तगट आणि बँकेचं नाव तुमच्या कागदाशी जुळतंय का, ते मोठ्याने वाचून घ्या. लाज वाटू देऊ नका, चांगला एम्ब्रियॉलॉजिस्ट (लॅबमधला तज्ज्ञ) स्वतःच दाखवतो. एकदा वितळली की पुन्हा गोठवता येत नाही. वितळल्यानंतर हालचाल करणारे शुक्राणू एकूण किती, तो आकडा मागा. ५० लाखांच्या खाली असेल तर पुढच्या वेळी दुसरी वायल हाताशी ठेवायची का, ते विचारा.

प्रत्यक्ष काम दोन मिनिटांचं. बारीक नळीतून अर्धा मिलिलिटर द्रव गर्भाशयात. दुखतं ते पाळीच्या दुखण्याइतकं, बहुतेकींना तेवढंही नाही. त्या दिवशी थोडं स्पॉटिंग चालतं. ताप आला किंवा पोटात जोरात दुखलं तर फोन करा.

८. नंतरचे पंधरा दिवस

अंथरूण धरू नका. जिना चढा, ऑफिसला जा. पपई खाल्ली म्हणून आययूआय फसत नाही, तेव्हा सासूबाईंशी त्यावरून वाद नको आणि स्वतःला दोषही नको. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या दिल्या असतील तर रिपोर्ट येईपर्यंत बंद करू नका.

सगळ्यात जास्त होणारी चूक: आठव्या-दहाव्या दिवशी घरी पट्टी लावणं. ट्रिगर इंजेक्शन हे एचसीजीच असतं, आणि पट्टीही एचसीजीच शोधते. दोन रेघा येतात, पेढे वाटले जातात, आणि पाच दिवसांनी पाळी येते. १५-१६ दिवसांनी रक्ताची बीटा एचसीजी करा. ती पॉझिटिव्ह आली तर ४८ तासांनी पुन्हा, आणि सहा-सात आठवड्यांना सोनोग्राफी, म्हणजे गर्भ नळीत नाही ना हे कळतं.

पहिल्या चक्रात झालं नाही तर दाता बदलायची घाई होते. "हा डोनर लाभला नाही." एका चक्रावरून तसं काही म्हणता येत नाही. तीन ते सहा चक्रांनंतर थांबून पुन्हा विचार करावा, वय जास्त असेल तर तीनवरच. वायलचे आकडे, फॉलिकलचं माप, आययूआयची वेळ हे सगळे कागद समोर ठेवून डॉक्टरांना विचारा की पुढे काय बदलणार. "तेच पुन्हा करू" हे उत्तर तिसऱ्यांदा आलं तर दुसरं मत घ्या.

९. दिवस राहिल्यानंतर

प्रसूतीच्या डॉक्टर वेगळ्या असतील तर त्यांना खासगीत सांगा. दात्याच्या वीर्याने राहिलेल्या गर्भारपणात रक्तदाब वाढण्याचा धोका थोडा जास्त असल्याचं अभ्यासांत दिसलंय, त्यामुळे बीपीवर नजर हवी. शिवाय "बाळाच्या वडिलांच्या घरी कुणाला मधुमेह?" या प्रश्नाला नवऱ्याच्या घरचा इतिहास सांगितला तर ती माहिती बाळासाठी चुकीची ठरते. नातेवाईक खोलीत असताना विषय निघू नये म्हणून पहिल्या भेटीतच चिठ्ठी लिहून दिली तरी चालतं.

जन्माची नोंद २१ दिवसांत, इतर कुठल्याही बाळासारखी. आई-वडील म्हणून तुमची नावं. दात्याचा उल्लेख कुठेही करायचा नसतो. एकल आईकडून वडिलांच्या नावाचा आग्रह धरला जात असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा २०१५चा निर्णय दाखवा: अविवाहित आईच्या प्रतिज्ञापत्रावर जन्मदाखला द्यायचा आहे.

मुलाला सांगण्याबद्दल माझं मत सरळ आहे. शाळेत जायच्या आधी, गोष्टीच्या सुरात, थोडं थोडं. "आम्हाला बाळ हवं होतं, बी कमी पडलं, एका माणसाने दिलं." अठराव्या वर्षी एकदम कळलेलं मूल दात्यावर रागवत नाही, लपवणाऱ्यांवर रागावतं. आणि घरबसल्या करता येणाऱ्या डीएनए चाचण्यांच्या दिवसांत ते कळणारच नाही असं धरून चालू नका.

फाईल जपून ठेवा. दवाखान्याने नोंदी किमान १० वर्षं ठेवायच्या असतात, मूल त्याहून मोठं होणार आहे. संमतिपत्राची प्रत, बँकेचं नाव, दात्याचा कोड, रक्तगट, तपासण्यांचे रिपोर्ट आणि उरलेल्या वायलची पावती एका प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून घराच्या करारनाम्याच्या शेजारी ठेवा. साठवणीचं भाडं कोणत्या महिन्यात भरायचं, ते पाकिटावरच लिहा.